फ्रान्सिस नवघरकर

गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करायची आपली रीत स्पेनच्या उत्तरेत असती, तर जगातल्या लाखो मुलग्यांचं नाव आज ‘नवघरकर’ असतं.

हे नाव म्हणजे हाविएर. आपल्या तोंडी इंग्रजी वळणानं झेवियर, गोव्यात पोर्तुगीज वळणानं शावियेर. मुळात ते माणसाचं नावच नाही. बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवं. नवारा प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या बाजूला, एका गढीला आणि तिच्याभोवतीच्या गावाला लोक ‘नवं घर’ म्हणत. बोलून बोलून शब्द झिजला, कडा गेल्या आणि शावियेर उरलं. त्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस्को जन्मला. पुढे तो संत झाला, गावाचं नाव त्याच्या नावामागे जगभर गेलं आणि लोकांनी आपल्या मुलांना ते पहिलं नाव म्हणून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याकडे एखाद्या संताच्या प्रेमापोटी मुलाचं नाव थेट ‘देहू’ किंवा ‘आळंदी’ ठेवावं, तसं.

आता वसईला या. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला काय आहे? नवघर. नवघर-माणिकपूर ही नगरपालिका २००९ मध्ये वसई-विरार महापालिकेत विलीन झाली, पण नाव तोंडातून गेलेलं नाही. वसई म्हणजे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाचं मोठं ठाणं. तिथे एखादा झेवियर नवघरला राहायला गेला, तर अर्थाच्या हिशेबानं तो नवघरचा नवघरकर! खुद्द संतही वसईला येऊन गेला होता. आपण कुठल्या गावात आलो आहोत याची त्याला कल्पना असती, तर किती मौज वाटली असती त्याला.

नेवाशाच्या ओट्यावरून

हे सगळं मला प्रवरेच्या काठावरून, नेवाशातून बघायला आवडतं. कारण या गावाचं नावसुद्धा घरावरूनच आलं आहे असं परंपरा सांगते. कुबेरानं आपला निधी इथे ठेवला, म्हणून हे निधिनिवास. त्यातला ‘निवास’ राहिला आणि लोकांच्या जिभेवर त्याचं नेवासे, नेवासा झालं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी या क्षेत्राच्या दैवताला ‘महालया’ म्हटलं आहे. महा आणि आलय. आलय म्हणजे पुन्हा घरच! आणि ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरचं निरूपण केलं, त्याला लोक पैसाचा खांब म्हणतात. पैस म्हणजे ऐसपैसमधला पैस: मोकळी जागा, विस्तार. दुर्गा भागवतांनी आपल्या ललित लेखांच्या पुस्तकाला ‘पैस’ हेच नाव दिलं, त्या पुस्तकाला १९७१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

निवास, आलय, पैस. एवढ्या घरांच्या गावात ‘नवं घर’ नावाचा पाहुणा परका कसा वाटेल?

तशी दूरच्या पाहुण्यांची या गावाला सवयही जुनी. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. वरच्या थरांत रोमन काळातल्या दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडेही मिळाले. भूमध्य समुद्राच्या काठावरून निघालेला माल दोन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी उतरत होता.

आणि एक उलटसुलट गंमत. हाविएरच्या बाबतीत गावाचं नाव माणसाला मिळालं. आमच्या जिल्ह्यात माणसाचं नाव गावाला मिळतं. २०२४ मध्ये तर अख्खा जिल्हाच अहमदनगरचा अहिल्यानगर झाला. दोन्ही वेळा नाव माणसाचंच.

चावी, शाबी आणि हावी

११ जुलै २०१०. जोहान्सबर्ग. फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेननं नेदरलँड्सला १-० असं हरवलं आणि पहिल्यांदा जगज्जेतेपद घेतलं. आपल्याकडे रात्री जागून तो सामना बघितलेले आठवत असतील. त्या विजेत्या संघात हे एकच नाव तीन वेगवेगळ्या अंगरख्यांत हजर होतं.

पहिला चावी. चावी एर्नांदेस, मूळ नाव शावियेर, कातालोनियातल्या तेरासा गावचा. कातालान भाषेत लाडाचं नाव चावी. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही, कारण बचावाचं कुलूप उघडायचं कामच तो करायचा! दुसरा शाबी आलोन्सो, बास्क मुलखातल्या तोलोसाचा. त्याचं पूर्ण नाव शाबिएर, बास्क वळणाचं. तिसरा हावी मार्तिनेस, पूर्ण नाव हाविएर, स्पॅनिश वळणाचं. आणि तो जन्मला नवारा प्रांतात, म्हणजे जिथून हे नाव निघालं त्याच मातीत. कातालान, बास्क, स्पॅनिश. तीन भाषा, तीन उच्चार, एक घर. समालोचक ‘चावीकडून शाबीकडे’ असं म्हणायचे, तेव्हा चेंडू नवघरकराकडून नवघरकराकडे जात होता. मला तरी फुटबॉलमधली याहून गोड गोष्ट माहीत नाही.

एका क्षचे किती उच्चार

या नावाच्या पहिल्या अक्षरानं, म्हणजे रोमन लिपीतल्या एक्सनं, जगाला भलतंच नाचवलं आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये ते अक्षर ‘श’ असं वाचलं जायचं, त्यामुळे संताच्या आईनं त्याच्या गढीचा उच्चार ‘शाव्येर’च्या आसपास केला असणार. नंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत स्पॅनिश लोकांचा तो ‘श’ घशात खोल गेला आणि ‘ख’ व ‘ह’ यांच्या मधला खरखरीत आवाज झाला. उच्चार बदलला तरी अक्षर जुनंच राहिलं. शेवटी १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीनं लेखनाचे नियम बदलले, जुनं अक्षर काढून तिथे दुसरं बसवलं आणि कागदावरही हाविएर झालं. याच फेऱ्यात किशोतेचा किहोते झाला. मेक्सिकोनं मात्र आपलं जुनं अक्षर सोडलं नाही. लिहितात जुन्या अक्षरानं, म्हणतात ‘मेहिको’.

बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं घेतलं. इटलीत सावेरियो, फ्रान्समध्ये ग्झाव्ये, जर्मनीत क्साफर, पोलंडमध्ये क्सावेरी. कानाला सर्वांत मऊ लागतो तो पोर्तुगीज शावियेर. आणि तोच मूळ उच्चाराच्या जवळचा. म्हणजे गोव्यातल्या म्हाताऱ्या बाया ज्या तऱ्हेनं हे नाव घेतात, ती तऱ्हा आजच्या माद्रिदपेक्षा संताच्या कानाला ओळखीची वाटली असती.

आपल्या ‘झेवियर’मधला झ ऐका: झरा, झुळूक, झोका, झांज. मराठीत झ बहुतेक वेळा काहीतरी हलतं, वाहतं किंवा वाजतं. त्यामुळे झेवियर नावाचा मुलगा मनात येतो तो चपळ, सडपातळ, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. तोच ‘हाविएर’ म्हटलं की वयानं वाढतो, आवाज खाली येतो, दाढी येते. नावाचं एक अक्षर बदललं की माणूस बदलतो, हे प्रत्येक आईबापाला बारशाआधीच्या अकरा दिवसांत कळतं.

आणि मराठीत त्या मूळ एक्सला एक खास मान आहे. बीजगणितात जी संख्या माहीत नाही ती आपण ‘क्ष’ धरतो. क्ष-किरणांचा शोध लागला तेव्हा त्यांचं स्वरूप माहीत नव्हतं, म्हणून त्यांना हे नाव पडलं. १९६३ पासून चालत आलेल्या अमेरिकन चित्रकथांतला चाकाच्या खुर्चीतला विचारवंत, चार्ल्स झेवियर, त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर घेऊन मिरवतो. मराठीत तो प्राध्यापक क्ष.

पाडलेलं घर

गंमत चालू असताना इथे जरा थांबायला हवं, कारण या नावातल्या ‘नव्या घरा’चं पुढे फार वाईट झालं.

फ्रान्सिस्को जन्मला तेव्हा नवारा हे वेगळं राज्य होतं. स्पेनच्या राजानं ते १५१२ मध्ये जिंकून घेतलं. ज्या घराण्यांनी विरोध केला त्यांच्या गढ्या पाडायचा हुकूम कार्डिनल सिस्नेरोस यानं दिला आणि १५१६ मध्ये हाविएरच्या गढीचे बुरूज उतरवले गेले, तट पाडले, खंदक बुजवला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं. ‘पारंपरिक स्पॅनिश नाव’ म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो, ते असं स्पेननं मोडलेल्या घराचं नाव आहे.

पुढचा योगायोग तर कादंबरीत लिहिला तरी कुणाला पटणार नाही. १५२१ मध्ये पांप्लोना शहराच्या लढाईत फ्रान्सिस्कोचे थोरले भाऊ नवाराच्या बाजूनं लढत होते. समोरच्या, स्पेनच्या बाजूला एका सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा बसला. त्या सरदाराचं नाव इग्नेशियस लोयोला. आठ वर्षांनी पॅरिसच्या सांत-बार्ब कॉलेजात हा लंगडणारा इग्नेशियस नेमका फ्रान्सिस्कोच्याच खोलीत राहायला आला. शत्रूपक्षातला माणूस खोलीतला जोडीदार झाला, मग मित्र झाला, मग गुरू. दोघांनी इतर सोबत्यांसह येशूसंघ काढला, त्याला १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. आणि १२ मार्च १६२२ रोजी दोघांना एकाच समारंभात संत म्हणून जाहीर केलं गेलं.

आजोळचं नाव

त्याच्या वडिलांचं नाव हुआन दे यासो. आईचं नाव मारिया दे आस्पिलिकुएता. आता सांगा, ‘हाविएर’ कुठून आलं? वडिलांकडून अजिबात नाही. ती गढी आईच्या माहेरची होती. म्हणजे जगभरातले सगळे हाविएर, झेवियर, सावेरियो एका मुलाच्या आजोळचं नाव लावतात. मामाच्या गावाची इतकी मोठी कीर्ती दुसऱ्या कुणी केलेली मला ठाऊक नाही.

स्पेनमध्ये आजही माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं आणि एक आईकडचं. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं ठरलं. आईला नावात जागा द्यायची हौस नेवाशाला तर फार जुनी! इथल्या ग्रामदैवताचं नाव मोहिनीराज. समुद्रमंथनानंतर विष्णूनं मोहिनीचं रूप घेऊन अमृत वाटलं ते इथेच, असं क्षेत्रमाहात्म्य सांगतं. राहूचं शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. मोहिनी हे बाईचं नाव, त्याला ‘राज’ जोडलं आणि आमच्याकडच्या घराघरांत ते मुलग्यांना ठेवलं गेलं. मोहिनीराज नावाचा माणूस नगर जिल्ह्याबाहेर गेला की समोरचा दोनदा नाव विचारतो. स्पेनमध्ये त्याला कुणी विचारलं नसतं, कारण तिथे पुरुषांची नावं होसे मारिया अशी असतात. १९९६ ते २००४ या काळातले तिथले पंतप्रधान आस्नार यांचं नाव हेच. मोहिनीराज आणि होसे मारिया एका बाकावर बसले तर चांगले रमतील.

आणि ज्यांनी इथे ज्ञानेश्वरी सांगितली त्यांचं लाडाचं नाव? ज्ञानदेव, ज्ञानोबा, ज्ञानबा, ज्ञाना. आणि सगळ्यांत वर माऊली. पुरुषाला आई म्हणणारी भाषा आहे आपली.

साहेब आणि राजदंड

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, झेवियर लिस्बनहून निघाला आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्याला उतरला. तिथून पुढची दहा वर्षं मलबार, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर तो गेला, तेव्हा वय ४६. १५५४ मध्ये देह गोव्यात आणला; जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चमध्ये तो आजही चांदीच्या पेटीत आहे. दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. गोव्याच्या लोकांसाठी तो ‘गोंयचो सायब’, गोव्याचा साहेब. ३ डिसेंबरच्या फेस्ताला बेळगाव आणि सिंधुदुर्गाकडूनही माणसं पायी चालत येतात. खांद्यावर पिशवी, पायांत साध्या वहाणा, ओठांवर प्रार्थना. आषाढीला दिंडीसोबत चाललेल्या कुणालाही ती चाल ओळखू येईल.

या पेटीशी मराठ्यांच्या इतिहासाचा एक जबरदस्त प्रसंग जोडलेला आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्यानं जुन्या गोव्यासमोरचं जुवे बेट घेतलं. ते परत मिळवायला गेलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय मार खाऊन माघारी आला. त्याचंही नाव फ्रान्सिस्को! फ्रान्सिस्को द ताव्होरा. राजधानी हातची जाते की काय अशी पाळी आली, तेव्हा तो बॉम जेझूमध्ये गेला, शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या पुढ्यात ठेवला: आता तूच सांभाळ. पुढे शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना माघार घ्यावी लागली. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी मात्र ते श्रेय संताला दिलं आणि नव्या गव्हर्नरानं त्याच्याजवळून दंड घेऊन कारभार सुरू करायचा असा रिवाज पडला. एका बाजूला फ्रान्सिस्को, पेटीतही फ्रान्सिस्को आणि खाडीपलीकडे शंभूराजे.

नावाला फक्त फुलंच वाहायची असती तर लिहिणं सोपं होतं. याच झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचं न्यायालय, आणायची मागणी केली होती. ते १५६० मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी, सुरू झालं आणि त्यानं गोव्यातल्या माणसांना फार छळलं. साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली. वेर्ण्याचं म्हाळसेचं देऊळही त्यांत गेलं. भक्तांनी देवी खाडीपलीकडे मार्दोळला नेली. ही म्हाळसा मोहिनीचंच रूप मानली जाते, आणि मोहिनीचं मूळ स्थान कोणतं? नेवासा. म्हणून नेवाशाच्या माणसाला या नावाबद्दल लिहिताना हे गाळता येत नाही. दहा वर्षांचा असताना ज्याचं घर पाडलं गेलं, त्याच्या नावाच्या सावलीत दुसऱ्यांची घरं आणि देवळं गेली, याचं मला वाईट वाटतं.

प्रवरेची ओवी, राशोलचा छापखाना

त्याच साष्टीत दुसरीही गोष्ट घडली, आणि ती मला फार प्रिय आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री, झेवियरच्याच येशूसंघाचा, १५७९ मध्ये गोव्याला आला. तो मराठी शिकला, नुसती कामापुरती नाही तर प्रेमानं. येशूची कथा मराठीत सांगायची ठरवली तेव्हा त्यानं छंद कोणता घेतला? ओवी. तीच ओवी, जी सव्वातीनशे वर्षांपूर्वी नेवाशाला खांबाजवळ बसून सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. १६१६ मध्ये राशोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या, रोमन लिपीत. मुळात भारतात छापखाना पहिल्यांदा आला तोही गोव्यातच, १५५६ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी तिथे जी पुस्तकं छापली त्यांत झेवियरची ख्रिस्ती शिकवणुकीची पुस्तिका होती.

ज्ञानेश्वरांची ओवी आणि झेवियरचा संघ असे एकाच पुस्तकात भेटले. त्याच प्रवाहातला अगदी अलीकडचा मोठा माणूस म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं.

जावयाचा उत्सव

मुंबईचं झेवियर्स कॉलेज १८६९ सालचं. सुनील गावस्कर तिथले. तिथला विद्यार्थ्यांचा उत्सव सगळ्या मुंबईत गाजलेला, आणि त्याचं नाव मल्हार.

आता जेजुरीच्या कथेत शिरा. खंडोबा म्हणजे मल्हारी. त्याची पहिली बायको म्हाळसा, तिम्मशेठ वाण्याची मुलगी. आणि तिम्मशेठ राहायचा कुठे? लोककथा सांगते, नेवाशाला! म्हणजे मल्हारी आमच्या गावचा जावई. कॉलेजातल्या मुलांच्या मनात पावसाळ्यातला राग असेल, पण नेवाशाच्या माणसानं त्या फाटकावरची दोन नावं एकत्र वाचली की आत उत्सव जावयाचा आणि पाटी पाहुण्याची असंच दिसतं. शिवाय ‘हाविएर’चं स्पॅनिश स्पेलिंग मराठी माणूस पहिल्यांदा वाचतो तेव्हा तोंडातून ‘जावी...’ असंच काहीतरी निघतं.

उभ्या उभ्या चार गोष्टी

उंच उडीचा पुरुषांचा विश्वविक्रम एका हाविएरच्या नावावर आहे. क्युबाचा हाविएर सोतोमायोर, २७ जुलै १९९३, स्पेनमधलं सालामांका, २.४५ मीटर. आपल्या घराच्या दाराची चौकट साधारण सात फुटांची. तो तिच्याही वर, आठ फुटांवरून गेला. तीस वर्षं उलटली तरी कुणी ती आडवी दांडी पार केलेली नाही.

पूर्व प्रशांत महासागरातल्या वादळांना आळीपाळीनं द्यायच्या नावांच्या यादीत हाविएर आहे. २००४ मध्ये तो मोठं चक्रीवादळ होऊन आला, २०१६ आणि २०२२ मध्ये पुन्हा आला.

संयुक्त राष्ट्रांचे १९८२ ते १९९१ या काळातले सरचिटणीस, पेरूचे पेरेस दे कुएयार, हेही हाविएरच. आणि २००८ मध्ये ऑस्कर घेणारा अभिनेता बार्देम हासुद्धा.

मुलींनाही हे नाव मिळालं. हाविएरा. चिलीत ते चांगलंच रुळलेलं आहे. तिथल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या हाविएरा काररेरा यांनी देशाचा पहिला झेंडा शिवला, असं तिथले लोक मानतात.

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा गोव्यातल्या साळगावचे, जन्म १९२४. लहानपणी देवी आल्या, त्यातून वाचले. आईनं कृतज्ञतेनं त्यांच्या नावात संत झेवियरचं ‘फ्रान्सिस’ घातलं. आपल्याकडे नवसाचा मुलगा म्हणून खंडू किंवा म्हाळू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

फ्रान्सिस या शब्दाचा अर्थ मुळात ‘फ्रेंच’. असिसीच्या संताचं पाळण्यातलं नाव जोव्हान्नी होतं, वडिलांनी त्याला फ्रांचेस्को म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे फ्रान्सिस झेवियरचं शब्दशः भाषांतर ‘फ्रेंच नवघरकर’. आणि हा माणूस फ्रेंच नव्हता.

नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ख्रिस्ती वस्ती मोठी. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात गर्दी उसळते. इकडच्या गावांत याकोब, योहान, पौलस ही नावं अगदी घरची. स्पेनमधलं फार जुनं नाव सान्तियागो, ते म्हणजे ‘संत याकोब’. आमच्या शेतात नांगर धरणारा याकोब आणि तिकडचा सान्तियागो नावबंधू आहेत, दोघांनाही पत्ता नसेल.

३ डिसेंबर आणि मार्चची चाल

स्पेनमध्ये वाढदिवसाइतकाच ‘नावाचा दिवस’ मानायची जुनी पद्धत आहे. ज्या संताचं नाव, त्याचा सण तो आपला. सगळ्या हाविएरांचा दिवस ३ डिसेंबर. तोच नवारा प्रांताचा दिवस. आणि बास्क भाषेचा दिवसही तोच! बास्क ही युरोपातली एकाकी भाषा. जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सापडत नाही. तिला बहीण नाही, मावशी नाही. पण तिचे दोन साधे शब्द, घर आणि नवं, मेक्सिकोपासून मणिलापर्यंत, वसईपासून वास्कोपर्यंत रोज हाकेत घेतले जातात. तेच शब्द एचेवेरिया या आडनावातही आहेत. १९७० ते १९७६ या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष त्या आडनावाचे होते.

फ्रान्सिस्को १५२५ मध्ये शिकायला पॅरिसला गेला तो पुन्हा घरी आला नाही. गढी पुढे हळूहळू दुरुस्त केली गेली, बुरूज पुन्हा उभे राहिले. गावाची वस्ती आज शंभर-सव्वाशे. मार्च महिन्यात मात्र पांप्लोनाहून लोक पायी निघतात, जवळजवळ पन्नास किलोमीटर. काही जण रात्रभर चालतात. या चालीला हाविएरादा म्हणतात. थंडी असते, पायांना फोड येतात, वाटेत कुणी गरम सूप देतं, कुणी गाणं धरतं. सकाळी वळणावरून गढी दिसली की पुढची माणसं मागच्यांना हाक देतात आणि चाल आपोआप वाढते, नेवाशाकडे येणाऱ्या दिंडीला मोहिनीराजाचं शिखर दिसल्यावर वाढते तशी.